बूस्टर गोल्डला 'ठिगळ' म्हणणाऱ्यांनी पाचवा अंक पुन्हा उघडावा

उलटा_काटा (धागाकर्ता)

काल एकाने ठोकून दिलं : 'कल्पना आटल्या की लेखक नायकाला त्याच्याच भूतकाळात धाडतो. बूस्टर गोल्डची २००७ ची मालिका म्हणजे जुन्या अंकांना लावलेलं ठिगळ.' उत्तर चार ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा. (नवख्यांसाठी : बूस्टर गोल्ड हा डीसी कॉमिक्सचा, भविष्यातून आलेला आणि काळात मागेपुढे हिंडणारा नायक.)

ठिगळ लावायलाही आधी कापड निरखून बघावं लागतं. पाचवा अंक घ्या. बूस्टरचा काळप्रवासी गुरू रिप हंटर त्याला 'द किलिंग जोक' या १९८८ च्या बॅटमॅन कॉमिकमधल्या त्या रात्री पाठवतो, जिला जोकर गोळी घालतो त्या बार्बरा गॉर्डनला (बॅटगर्लला) वाचव म्हणून. दारात जोकर, अंगात हवाई शर्ट, गळ्यात कॅमेरा, हातात पिस्तूल. बूस्टर परत परत जातो, दर वेळी बदडला जातो, आणि जोकर त्याचेही फोटो काढतो. ते फोटो बॅटमॅनकडे पोचले होते हे आपल्याला पुढे कळतं. म्हणजे बूस्टरचा मार त्या रात्रीचाच भाग होता. १९८८ मध्ये तो आपल्याला दाखवला नव्हता, एवढंच.

यातली मेहनत दिसत नाही म्हणून सांगतो. असा अंक करायचा तर जुनी पानं समोर ठेवून प्रत्येक चौकटीत कोण कुठे उभं आहे, आपण कुठून बघतोय आणि कुठल्या क्षणी वाचकाची नजर त्या खोलीत नाही, हे सगळं मांडून घ्यावं लागतं. पाहुण्याला उभं करायचं ते फक्त त्या आंधळ्या जागेत, दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत. जुन्या चौकटीची नक्कल करताना कडेला नव्या माणसाचा नुसता खांदा जरी डोकावला तरी खेळ खलास. वाचक जुना अंक काढतो, तिथे खांदा नसतो, आणि लेखक खोटा पडतो.

पळवाट कशाला म्हणतात ते बघायचं असेल तर २००९ चं 'फ्लॅश : रीबर्थ' बघा. बॅरी ॲलनचे, म्हणजे फ्लॅशचे, आईवडील जुन्या अंकांत चांगले हिंडतेफिरते होते. त्याचा शत्रू रिव्हर्स फ्लॅश याने मागे जाऊन आईला मारलं आणि ती सगळी पानं एका फटक्यात बाद. तिथे ठिगळ म्हणा, मी टाळ्या वाजवीन.

शाईचा_डाग

कालचा प्रतिसाद माझाच, नाव घ्यायला लाजू नका.

पाचव्या अंकापुरतं तुमचं बरोबर धरू. सहावा ते दहावा कुठे गायब केलात? बार्बराच्या वेळी रिप सांगतो की हा काळ घट्ट झालाय, काही केलं तरी बदलणार नाही. लगेच पुढे 'ब्लू बीटल' हे नाव घेतलेले बाकीचे येतात आणि बूस्टर त्यांच्यासोबत जाऊन आपला मेलेला मित्र, ब्लू बीटल टेड कॉर्ड, याला वाचवतो. खलनायक मॅक्सवेल लॉर्डने २००५ मध्ये ज्याच्या डोक्यात गोळी घातली तोच टेड. तो वाचतो आणि जग ओमॅक नावाच्या यंत्रमानवी सैन्याच्या ताब्यात गेलेलं निघतं. म्हणजे इथे काळ बदलतो, आणि चांगला दणकून बदलतो. शेवटी टेड स्वतःच मरायला परत जातो. एक क्षण बदलूच शकत नाही, दुसरा बदलतो पण महागात पडतो. कुठला क्षण कुठल्या खात्यात हे ठरवणार कोण? रिप. आणि रिपला ते कसं कळतं? लेखकाला सोयीचं असतं तसं.

नियम कसा पाळावा हे 'मार्व्हल टू-इन-वन'च्या पन्नासाव्या अंकाने १९७९ मध्येच दाखवलंय. बेन ग्रिम (फँटॅस्टिक फोरमधला दगडी अंगाचा 'थिंग') मागे जातो, आपल्याच तरुण रूपाशी मारामारी करून त्याला औषध देतो, तो तरुण माणसात येतो. आपला बेन परतल्यावर आरशात बघतो तर दगडाचा दगडच. त्याचा शास्त्रज्ञ मित्र रीड सांगतो, तू आपला भूतकाळ बदललाच नाहीस, दुसरी शाखा, म्हणजे काळाचा वेगळा फाटा, बरी करून आलास. एका अंकात नियमही कळला आणि काळजालाही लागलं.

उलटा_काटा

शाखांच्या नियमाचा तोटा माहीत असूनही लपवताय. प्रत्येक बदलाला नवी शाखा फुटत असेल तर मागे जाऊन काही बिघडवताच येत नाही. धोका शून्य. बेनचा अंक चालतो तो एकदाच, कारण बेनला नियम माहीत नसतो. दुसऱ्यांदा तोच नियम वापरला की वाचक आधीच जांभई देतो.

शाईचा_डाग

दुसऱ्यांदा वापरला की. त्याच मालिकेचा शंभरावा अंक, १९८३. बेन त्याच शाखेत परत जातो आणि थिंग नसल्यामुळे तिथली पृथ्वी उद्ध्वस्त झालेली सापडते. कुठे आली जांभई?

उलटा_काटा

शंभरावा विसरलो होतो. एक गुण तुम्हाला, फ्रेम करून लावा.

जुनी_शाळा

१९६० मध्ये हे दोन्ही झगडे मिटले होते. 'सुपरमॅन' १४१ : तो नाशापूर्वीच्या क्रिप्टॉनवर अडकतो, आईबापांना भेटतो, लायला लेरोलच्या प्रेमात पडतो, आणि तरी ग्रह फुटायचा तो फुटतोच. 'सुपरबॉय' ८५ : पोरवयातला सुपरमॅन लिंकनला वाचवायला जातो, नेमका तिथे भूतकाळात आलेला त्याचा शत्रू ल्यूथर त्याला लाल क्रिप्टोनाइटने जखडतो. नियम एक : इतिहास हलत नाही. रिपचा काळाच्या नोंदींचा फळा नको, घट्ट काळ नको.

वाट लावली ती १९८६ ने. लेखक-चित्रकार जॉन बर्नने 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरबॉयची कारकीर्दच पुसली. तीसाव्या शतकातली लीजन, म्हणजे तरुण नायकांची टोळी, ज्याचं नाव घेऊन उभी राहिली तोच कधी झाला नाही, मग लीजन आली कुठून? वर्षभरात सारवासारव : तो सुपरबॉय म्हणे टाइम ट्रॅपर या काळाशी खेळणाऱ्या खलनायकाने बनवलेल्या 'खिशातल्या', म्हणजे वेगळ्या छोट्या, विश्वातला. ठिगळ म्हणायचं तर हे!

चार_रंग

अवांतर, पण राहवत नाही.

काळ बदलतो की नाही यावर भांडताय, आणि जो खरोखर मागे जाऊन पानं बदलतो त्या प्रकाशकाबद्दल एक शब्द नाही. धागाकर्त्यांनी 'किलिंग जोक'ची कुठली आवृत्ती समोर ठेवलीय? १९८८ मध्ये रंग जॉन हिगिन्सचे : जांभळा, नारिंगी, पिवळा, सगळं आजारी उजेडात न्हालेलं. २००८ च्या आवृत्तीत मूळ चित्रकार ब्रायन बोलंडने स्वतः सगळं नव्याने रंगवलं. पानं थंड झाली, जोकरच्या भूतकाळात करडा रंग आणि मोजक्या वस्तू तेवढ्या लाल, बॅटमॅनच्या छातीवरचा पिवळा लंबगोल गायब. आज दुकानात सहज मिळते ती हीच. 'जुना अंक उघडा आणि पडताळा' म्हणता, पण वाचकाच्या हातात जुना अंक आहेच कुठे?

शाईचा_डाग

चित्र बोलंडचं, त्याला जे रंग मनात होते ते त्याने दिले. यात प्रकाशकाला खलनायक का करताय?

चार_रंग

कारण जुनी आवृत्ती शेजारी उपलब्ध ठेवणं त्याच्या हातात असतं. दोन्ही ठेवा, वाचक ठरवेल.

आणि फक्त या पुस्तकाचं नाही. जुन्या अंकांचे संग्रह काढताना काय होतं ते बघा. तेव्हा निळा, किरमिजी आणि पिवळा, प्रत्येकाच्या चारच पायऱ्या : शून्य, २५, ५०, १०० टक्के. चार गुणिले चार गुणिले चार, एकूण चौसष्ट रंग. गोऱ्या कातडीला २५ टक्के किरमिजी आणि २५ टक्के पिवळा. हे आकडे वर्तमानपत्री कागदासाठी होते. तो कागद शाई पितो, ठिपका पसरतो, कागद स्वतः मळकट, त्यामुळे भडक रंगही खाली बसतो. तेच आकडे पांढऱ्याशुभ्र चकचकीत कागदावर छापले की ठिपका जागच्या जागी राहतो आणि पिवळा डोळ्यांत भोसकतो. मग लोक म्हणतात, 'जुने रंग किती गावठी होते.' रंग गावठी नव्हते, कागद चुकला.

जुनी_शाळा

मग जुनं पान सरळ स्कॅन करून छापावं की. एवढा रडारडीचा विषय नाही.

चार_रंग

सरळ छापून बघा एकदा! जुन्या पानावर ठिपक्यांची जाळी आधीच असते, छपाईची नवी जाळी तिच्यावर बसली की चेहऱ्यावर रेशमी कापडासारख्या लहरी उमटतात. त्यासाठी काळी रेघ वेगळी करावी लागते. मूळ छपाईची फिल्म शिल्लक असेल तर सोपं : रेघ १२०० डीपीआयला (इंचात १२०० ठिपके), नुसती काळी-पांढरी, रंग खालून नव्याने. फिल्म हरवली असेल तर जुन्या अंकाच्या पानावरचा रंग रसायनाने उडवून रेघ तेवढी उरवतात. त्यात तो अंक कामातून जातो, बारीक रेघा तुटतात, दाट सावल्या भरून काळा गोळा होतो. वर कोणीतरी सपाट रंगांच्या जागी संगणकाच्या छटा ओततो आणि १९६० चा सुपरमॅन फुग्यासारखा गुळगुळीत दिसतो. तुमच्या १४१ व्या अंकाबद्दल बोलतोय, रडारडीबद्दल नाही.

जुनी_शाळा

सूर जरा खाली घ्या. मॅट कागदावर छापलेले संग्रह निघतात, त्यात पिवळा बरा बसतो. सगळेच प्रकाशक आंधळे नाहीत.

चार_रंग

मॅट कागदाचं मान्य. 'सगळेच' मी म्हटलंच नव्हतं, पण चालू द्या.

उलटा_काटा

धागा माझा होता अशी अंधुक आठवण आहे.

तरी चार_रंग यांच्या मुद्द्याने माझी अडचण झालीय खरी. जुन्या पानाशी ताडून बघण्यावर माझा सगळा दावा उभा होता. कोण कुठे उभं आहे हे रंग बदलल्याने बदलत नाही, रेघा त्याच आहेत, म्हणून दावा टिकतो. पण नव्या चौकटीत जुनी रात्र ओळखू येते ती निम्मी रंगामुळे. तिथे मी गप्प.

शाईचा_डाग, दोन नियमांचं आता. रिप बार्बराला 'घट्ट काळ' म्हणतो तेव्हा त्याला बूस्टरला धडा शिकवायचा असतो. तो खरं बोलतोय असं धरूनच तुम्ही चाललाय. पुढे हाच रिप बूस्टरची जुळी बहीण मिशेल हिला मरणाच्या आधल्या क्षणी उचलून आणतो. शिक्षक विद्यार्थ्याशी खोटं बोलला, याला दोन नियम म्हणत नाहीत.

शाईचा_डाग

म्हणजे बहीण आणता येते, मित्र आणता येत नाही, आणि कारण विचारलं की 'शिक्षक खोटं बोलला'. आता मला मालिका आधीपेक्षा जास्त ठिगळाची वाटायला लागलीय, आभार.

फोटोंचा मुद्दा मात्र चोख आहे. पाचवा अंक ठिगळांच्या यादीतून काढतो. सहा ते दहा तिथेच राहतील.