'कॉन्टेक्स्ट-अवेअर'ला मराठीत काय म्हणायचं?

विश्रामबागकर
मंडळी, अडलोय. सांगलीतल्या एका वाचनालयात मोबाईल ह्या विषयावर मराठीतून व्याख्यान द्यायचंय, श्रोते सगळ्या प्रकारचे, निवृत्त शिक्षक, बीसीएची पोरं, तासगाव-पलूसकडचे काही द्राक्षबागायतदार. विषय आहे युबिक्विटस आणि कॉन्टेक्स्ट-अवेअर कम्प्युटिंग, म्हणजे कॉम्प्युटर एका टेबलावर न राहता सगळीकडं पसरतो आणि आपण कुठं आहोत, चालतोय का बसलोय, भोवती काय चाललंय हे बघून आपलं वागणं बदलतो, ते. पत्रिकेसाठी मी 'सर्वव्यापी व संदर्भ-जाणीवयुक्त संगणन' असं लिहून दिलं. तिथले चिटणीस मराठीचे प्राध्यापक होते, ते म्हणाले 'जाणीवयुक्त' असा शब्दच नाही, आणि यंत्राला जाणीव असते हे तुम्हाला कुणी सांगितलं? संदर्भ मला बरोबर वाटतो, पण 'अवेअर'ला काय? पत्रिका छापायला द्यायचीय, लवकर सुचवा.

शब्दवेडी
सर, 'जाणीवयुक्त'ला मीपण अडखळले. पण मला विचाराल तर घोळ 'संदर्भ'मध्येच आहे. वाचनालयातल्या माणसाला संदर्भ म्हटलं की संदर्भग्रंथाचं कपाट आठवणार. संदर्भ असतो मजकुराला, वाक्याला, फार तर बोलण्याला. माणूस स्टँडवर उभाय, हातात पिशव्या आहेत, पाऊस लागलाय आणि फोन वाजतोय, ह्याला आपण बोलताना कधी संदर्भ म्हणतो का? परिस्थिती म्हणतो. 'परिस्थितीची जाण असलेला मोबाईल' असं सरळ लिहा की. एक ओळ जास्त गेली म्हणून काय बिघडत नाही.

माहुलीकर
लांब झालं की शब्द चालत नाही ताई, लोक दुसऱ्या दिवशी इंग्रजीवर येतात. आणि आपल्याकडं तयार शब्द असताना 'ची जाण असलेला' कशाला? पेपर उघडा. 'चालकाच्या प्रसंगावधानामुळे अनर्थ टळला.' खंबाटकीत एसटीचे ब्रेक गेले की दुसऱ्या दिवशी हे वाक्य ठरलेलं. प्रसंग म्हणजे कॉन्टेक्स्ट, अवधान म्हणजे अवेअरनेस. प्रसंगावधानी संगणन! असा मापाचा शब्द शोधूनसुद्धा सापडत नाही. सावरकरांनी महापौर, दिनांक दिले, आज महापौर म्हणताना कुणाची जीभ अडखळते? वापरला की रुळतो. युबिक्विटसला सर्वव्यापीच ठेवा, लॅटिनमधला मूळ शब्द 'सगळीकडे' याच अर्थाचा आहे.

मिरज_जंक्शन
मी ह्याच कामात आहे म्हणून जरा लांब लिहितो. शब्द पाडायच्या आधी मूळ कल्पना बघा. युबिक्विटस कम्प्युटिंग हे नाव दिलं मार्क वायझर ह्यांनी, झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात, १९८८ च्या आसपास, आणि १९९१ ला सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांचा लेख आला. खिशात मावेल एवढं, वहीएवढं आणि फळ्याएवढं अशी तीन मापांची यंत्रं त्यांनी बनवून वापरायला घेतली होती. पण त्यांचा खरा मुद्दा यंत्र सगळीकडं असावं हा नव्हता, ते लक्षातच येऊ नये हा होता. उदाहरण त्यांनी मोटारीचं दिलंय. जुन्या वर्कशॉपमध्ये एकच मोठं इंजिन असायचं आणि वरच्या शाफ्टवरनं पट्टे लावून सगळी मशिनं फिरायची, नंतर मोटारी इतक्या लहान आणि स्वस्त झाल्या की प्रत्येक मशिनच्या पोटात एक बसली आणि मोटार म्हणून तिच्याकडं बघायचं आपण सोडून दिलं. कॉम्प्युटरचं असं व्हावं हे त्यांचं म्हणणं. आता 'सर्वव्यापी' म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? ईश्वर. ज्याच्यापुढं हात जोडायचे. म्हणजे बरोबर उलटा भाव येतो.

दुसरं, कॉन्टेक्स्ट-अवेअर हा शब्द १९९४ चा, शिलिट आणि थायमर ह्यांचा. त्यात कॉन्टेक्स्ट म्हणजे तुम्ही कुठं आहात, जवळ कोण माणसं आणि काय वस्तू आहेत, आणि त्यात काय बदलतंय, एवढंच. त्याच्याही आधी केंब्रिजला ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत छातीला लावायचा बिल्ला केला होता, दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेड सिग्नल सोडणारा, खोल्यांमधले सेन्सर तो पकडायचे, मग तुमचा फोन तुम्ही ज्या खोलीत असाल त्या खोलीत लावून देता यायचा. ह्यात कसला प्रसंग आणि कसलं अवधान? आजचं उदाहरण घ्या. कॉल आला, फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते, कारण वरच्या बाजूला एक सेन्सर असतो, त्याला काहीतरी जवळ आलंय एवढंच कळतं. गालाऐवजी बोट धरा, तरी काळी होणार. म्हणून म्हणतो, कॉन्टेक्स्ट-अवेअरच लिहा देवनागरीत आणि उदाहरणं द्या. आमच्या ऑफिसात सगळी मराठी पोरं आहेत, एकही 'संगणन' म्हणत नाही.

माहुलीकर
ऑफिसात म्हणत नाहीत हे काही कारण झालं नाही. सासवडच्या बाजारात तरी कुठं कोण संगणन म्हणतंय, पण शाळेच्या पुस्तकात मुलांनी काय वाचायचं? भाषा फक्त बोलणाऱ्यांची नसते, शिकणाऱ्यांचीही असते. माझी नात साताऱ्यात मराठी शाळेत शिकते, तिला विज्ञानातला शब्द फोडून अर्थ लागतो तेव्हा तिचा चेहरा बघा. प्रकाशसंश्लेषण तिला एकदा फोडून दाखवलं, पुन्हा विचारावं लागलं नाही. कॉन्टेक्स्ट-अवेअर ती कुठनं फोडणार?

शब्दवेडी
काका, नातीचा मुद्दा शंभर टक्के पटला. पण प्रसंग नको. आमच्या घरी 'प्रसंग आला' म्हणजे कुणीतरी दवाखान्यात आहे. 'प्रसंग ओढवला', 'प्रसंगाला धावून आला', सगळं संकटाचंच. आणि प्रसंगावधान हे शाबासकीचं आहे, तो गुण आहे माणसाचा. कानाला लावल्यावर स्क्रीन बंद झाली ह्याला प्रसंगावधान म्हणायचं तर त्या एसटी ड्रायव्हरला काय म्हणायचं? तुमच्याच शब्दातलं अवधान घ्या, त्याला 'स' लावा. सावध! रामदासांचा सज्जनगड तुमच्या दारात, बोहल्यावर 'सावधान' ऐकून उठले ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. 'परिसर-सावध' कसं वाटतं? आणि युबिक्विटसला 'ठायीठायी'. ठायीठायी संगणन. त्यात देव नाही, दरारा नाही.

माहुलीकर
शुभप्रसंगी, लग्नप्रसंगी, प्रसंगानुरूप पोशाख, ह्यात कुठलं संकट आलं ताई? उलट 'प्रसंगानुरूप संगणन' हे तर आणखी सरस, यंत्राला जाणीव आहे असा दावाच नाही त्यात, फक्त वागणं प्रसंगाला धरून आहे. चिटणिसांचाही आक्षेप मिटला. ठायीठायी कवितेत गोड आहे, पण त्याचं नाम कसं करणार?

कोयनाकाठ
तुमचं चालू द्या, मी पाटणचा. प्रसंगावधान यंत्राला लागू नाही म्हणताय म्हणून सांगतो. आमच्याकडं ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट घराघरात सांगतात, आई अजून जमीन हलली की आधी बाहेर पडते मग बोलते. आता अँड्रॉइड फोन भूकंपाची सूचना देतात, भारतात सप्टेंबर २०२३ ला सुरू झालं. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ते ज्या सेन्सरमुळं, तोच सेन्सर. फोन चार्जिंगला लावून नुसता टेबलावर पडलेला असला की जमिनीचा पहिला हलका हादरा त्याला लागतो, तो सर्व्हरला कळवतो, एका भागातल्या बऱ्याच फोननी एकदम कळवलं तर तिकडं भूकंप धरतात आणि लांबच्या फोनना सूचना जाते. सिग्नल हादऱ्याच्या लाटेपेक्षा कितीतरी वेगात जातो, म्हणून मधे काही सेकंद मिळतात. अगदी केंद्राजवळच्याला फार काही मिळत नाही, पण लांबच्याला सावध व्हायला थोडा वेळ मिळतो. माझ्या मते हे प्रसंगावधानच. एकटा फोन काहीच नाही, सगळे मिळून आहे. ह्यात युबिक्विटस पण आलं आणि कॉन्टेक्स्ट पण आला. सर, हे उदाहरण व्याख्यानात घ्याच.

विश्रामबागकर
घेतो, नक्की घेतो. ह्यावरनं माझाच एक प्रश्न. २० जुलै २०२३ ला सकाळी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते आठवतंय का, सरकारची चाचणी होती. ते धरायचं का ह्यात? सांगलीकराला पुराच्या सूचनेचं मोल सांगायला नको, २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोका ४५ ला धरतात. नदीकाठच्या गावभागातल्या माणसाला आणि नदीपासनं लांब विश्रामबागेतल्या माणसाला वेगवेगळी सूचना जायला हवी.

मिरज_जंक्शन
सर ते वेगळं. त्यात टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम ओरडून सांगतो, त्यासाठी कुणाचा नंबर माहीत असावा लागत नाही, कोण कुठं उभाय हे कुणाला कळतही नाही. जागा टॉवरची ठरलेली, फोनला कसलंच भान नाही. पण मला ते जास्त आवडतं, कारण माणसाची माहिती कुठं साठत नाही. नकाशाचं ॲप मात्र तुम्ही दर गुरुवारी कुठं जाता ते लक्षात ठेवतं आणि आपण होऊन 'आज रस्त्यावर गर्दी आहे' म्हणतं. व्याख्यानात हा फरक सांगाच. फोनला तुमची परिस्थिती कळते म्हणजे ती आणखी कुणालातरी कळते, हे लोकांना सांगायला पाहिजे, शब्द कुठलाही घ्या.

तासगाव_द्राक्ष
सर, व्याख्यानाला जे बागायतदार येणार त्यातला मी एक. माझ्या बागेत हवामानाचं यंत्र बसवलंय. एक खांब, वर सोलरची पाटी, पाऊस मोजायचं भांडं, आणि मधे पानासारखी एक चपटी पट्टी. दव पडलं की पट्टी भिजती, विजेचा आकडा बदलतो, त्यावरनं वेलीचं पान किती तास ओलं राहिलं ते काढतात आणि दावण्याचा, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचा, धोका किती ते मोबाईलवर येतं. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ पडलं की पहिल्यांदा आम्ही तेच उघडून बघतो, कधी कधी त्यामुळं एखादी फवारणी वाचती. हे चांगलं काम करतंय, खोटं बोलणार नाही. पण मातीतल्या सेन्सरनं लय घोळ घातला. बसवायला आलेल्या पोरांनी तो ड्रीपरच्या अगदी खाली पुरला, मग काय, सारखं ओलच दाखवतोय, बाकी रान भेगाळलंय तरी मोबाईल म्हणतोय पाणी पुरेसं हाय. कंपनीला फोन करून करून शेवटी आम्हीच उकरून दीड हात बाजूला लावला.

मुद्दा असा. सेन्सरला ओल कळती, वापसा कळत न्हाई. ओल हा आकडा हाय. वापसा आकडा न्हाई. मूठभर माती घ्यायची, दाबायची, लाडू झाला आणि बोटानं ढकलल्यावर फुटला तर वापसा. आणि तो कशासाठी बघताय त्यावर पण हाय, पेरायला वेगळा, कुळवायला वेगळा, ट्रॅक्टर घालायचा तर आणखी वेगळा. तुम्ही ज्याला कॉन्टेक्स्ट म्हणताय त्याला आमच्याकडं वापसा म्हणतात बगा. वापसा ओळखणारा मोबाईल, असं पत्रिकेत लिवा, आमची सगळी माणसं येतील.

मिरज_जंक्शन
दादा, काय सांगितलंत! २००१ ला अनिंद डे ह्यांनी कॉन्टेक्स्टची जी व्याख्या केली, जी आजही सगळे धरतात, तिचा गाभा हाच आहे. माणूस, जागा, वस्तू ह्यांच्या स्थितीबद्दलची कुठलीही माहिती कॉन्टेक्स्ट होऊ शकते, पण वापरणारा आणि ॲप ह्यांच्यातल्या कामाशी तिचा संबंध असला तरच. सेन्सर देतो तो आकडा. तो कशासाठी बघायचा हे ठरलं की कॉन्टेक्स्ट. मी वर देवनागरीत इंग्रजीच लिहा म्हणालो, पण हा शब्द आहे तर तो का नाही घ्यायचा?

माहुलीकर
शब्द उत्तमच आहे. पण वाफसा लिहा, वापसा नको. वाफ वरून वाफसा. पाऊस पडून उघडीप झाली की जमिनीतनं वाफ निघते, ती ओसरत आली की रान कामाला येतं. बाष्पाची वाफ झाली, वाफेचा वाफसा. छापताना शुद्ध छापलं पाहिजे.

तासगाव_द्राक्ष
सर, आमच्या पंचक्रोशीत एक माणूस 'फ' म्हणत न्हाई. आज्यापास्नं वापसा.

शब्दवेडी
आणि वापसाच मूळ असेल तर? संस्कृतात वप् म्हणजे पेरणे, वाप म्हणजे पेरणी. पेरणीजोगी स्थिती तो वापसा. वाफेशी संबंध लोकांनी मागाहून जोडला असेल असं मला वाटतं.

माहुलीकर
ताई, वप् पासून आलेला शब्द शेतकऱ्याच्या तोंडी एवढा स्वच्छ 'प' ठेवून टिकेल? मधला प झिजतो. दीपावली ची दिवाळी झाली, कपाट चं कवाड झालं. वाप चा काहीतरी 'वाव' झाला असता.

शब्दवेडी
मग 'सा' कुठनं आला ते सांगा. वाफ ठीक आहे, 'सा' काय?

कोयनाकाठ
आमच्याकडं पाटणात भाताला चिखलच लागतो, तिथं वाफसा कोण बघतंय. पण माळाच्या रानाला आजोबा 'घात' म्हणायचे. रान घातीवर आलंय, घात साधली. उशीर झाला की घात गेली. ह्यात वेळ पण आली आणि स्थिती पण.

शब्दवेडी
पत्रिकेत घात छापला तर वाचणारा विश्वासघातच वाचणार.

कोयनाकाठ
लिंग वेगळं आहे की. तो घात झाला म्हणजे दगा. ती घात आली म्हणजे पेरायची वेळ. ऐकणाऱ्याचा कधी घोळ होत नाही.

विश्रामबागकर
मंडळी, पत्रिका उद्या छापायला जातेय. वाफसा की वापसा, की प्रसंगानुरूप? आणि युबिक्विटसचं काय ठरलं?

तासगाव_द्राक्ष
कोयनाकाठ दादा, आमच्याकडं पण घात म्हणतात, पण ती थोडक्यात जाती. काळ्या रानात मोठा पाऊस झाला की आठ-आठ दिवस पाय टाकता येत न्हाई आणि मग दोन दिवसांत वरनं खपली धरती, तेवढ्यातच कुळव फिरवायचा. मुरमाड रानात दुसऱ्या दिवशी वापसा. दोन्ही रानं एकाच बांधाला लागून असली तरी. तुमच्या तांबड्या मातीत कसं?

कोयनाकाठ
तांबडीत पाणी लवकर निथळतं, त्यामुळं वाफसा लवकर येतो पण लवकर उडतो पण. आजोबा सकाळचं दव असतानाच औत धरायचे, दुपारी ढेकळं निघायला लागायची.

माहुलीकर
'वाफसा उडतो' म्हणालात बघा. उडते ती वाफ.