सीझन संपतानाचा बर्फ: स्कीइंग आणि फोटो एकाच दिवसात कसे जमवायचे?

घसरगुंडी:
मंडळी, नमस्कार. गेल्या वर्षी सीझन संपता संपता चार दिवस बर्फात जाऊन आले. म्हटलं, गर्दी ओसरलेली असेल, दिवस मोठा मिळेल, थंडीही सोसवेल. दोन हौशी बरोबर नेल्या होत्या, स्कीइंग आणि कॅमेरा. दोघींनीही मला तोंडावर पाडलं. पहिलीने तर अगदी शब्दशः.

झालं असं की सकाळी आठलाच उत्साहाने उतारावर हजर. बर्फ कसला, नुसती फरशी होती. स्कीच्या कडा धरेनात, आणि आवाज असा की पाटीवर नख ओढावं. दहापर्यंत कशीबशी तग धरली, वैतागून खाली आले आणि ‘दुपारी मऊ होईल’ म्हणून दोनला परत गेले. तोवर सगळा लगदा. झाडांच्या सावलीतून उन्हात आले आणि स्की जागच्या जागी थांबल्या. मी नाही थांबले. गुडघा मुरगळला आणि गळ्यातला कॅमेरा पोटाखाली आला.

फोटोंचं सांगायचं तर सहाशेच्या वर काढले. नंतर मोठ्या पडद्यावर बघते तर सगळीकडे बर्फ धुवायला टाकलेल्या चादरीच्या रंगाचा, सावल्या शाईसारख्या निळ्या. शिवाय एकदा बाहेरून उबदार खोलीत आले आणि लेन्सवर असं धुकं बसलं की अर्धा दिवस हललं नाही.

यंदाही सुट्टी त्याच सुमारास मिळतेय. स्कीइंग बेताचंच येतं, आखलेल्या उतारांवर न पडता उतरते (बहुतेक वेळा). तर आधी काय करायचं, किती वाजता, आणि कॅमेरा अंगावर घ्यायचा की नाही? ‘हिवाळ्यात जा’ हे उत्तर कृपया नको.

जुनी फीत:
घसरगुंडीताई, तुमची फक्त वेळ चुकली, आणि तीही दोन्ही वेळा. मी मुद्दाम सीझनच्या शेवटीच जातो, गेली बरीच वर्षं, आणि पहिल्या दोन खेपांना मीही हेच उद्योग केले होते.

आधी बर्फाचं समजून घ्या. या दिवसांत दुपारच्या उन्हाने वरचा थर वितळतो, पाणी कणांच्या फटींत मुरतं, रात्री ते गोठतं आणि सगळे कण एकमेकांना चिकटतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं रोज होत राहिलं की बर्फाच्या मूळच्या चांदण्या शिल्लक राहत नाहीत. कोपरे झिजून त्यांचे गोल दाणे होतात, सुरुवातीला रव्याएवढे, पुढे साबुदाण्याएवढे. पहाटे हे दाणे एकमेकांना घट्ट धरून असतात, ती तुमची फरशी. ऊन चढलं की वरचा बोटभर थर सुटा होतो आणि खालचा अजून टणक असतो. या मधल्या अवस्थेसाठी लोक जीव टाकतात. इंग्रजीत तिला कॉर्न म्हणतात, जर्मन बोलणारे फिर्न म्हणतात, मी रवाळ म्हणतो. कडा लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि खाली आधारही असतो. बेताचं येणाऱ्यालाही त्या तासा-दीड तासात आपण फार भारी आहोत असं वाटतं.

तो तास कुठला, हे घड्याळात बघून कळत नाही. उताराचं तोंड कुठे आहे ते बघा. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी सुटतो, मग दक्षिणेचा, शेवटी पश्चिमेचा. उत्तरेचा कधीकधी दिवसभर सुटतच नाही. (हे उत्तर गोलार्धातलं. दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिण उलटं धरा.) म्हणजे उन्हाच्या मागे मागे उतार बदलत गेलात तर एक तासाचे तीन तास होतात. मी काठीचं टोक दाबून बघतो. दोन-तीन सेंटिमीटर जाऊन ठक्क थांबलं की निघायचं. टोक खरवडून नुसता ओरखडा उठला तर अजून थांबायचं. आणि बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की त्या उताराचा त्या दिवसापुरता नमस्कार.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. बर्फ सुटण्याची वाट बघण्याचा जो वेळ आहे, तोच फोटोचा वेळ आहे. सूर्य खाली असतो, उजेड आडवा येतो, आदल्या दिवशीचे स्कीचे माग गोठून दगड झालेले असतात आणि प्रत्येकाच्या कडेला सावलीची रेघ असते. वाऱ्याने कोरलेल्या लाटा, टणक पापुद्र्यावरची चमक, हे सगळं त्या दोन तासांत. उजेड सपाट व्हायला लागतो तेव्हा उतार तयार होत असतो. माझा क्रम त्यामुळे ठरलेला आहे: अंधारात उठून चालत फोटो, मग कॅमेरा खाली ठेवून स्कीइंग, दुपारी झोप. संध्याकाळी परत कॅमेरा. तुम्ही आठला स्की लावल्या तेव्हा कॅमेरा लावायचा होता आणि दोनला झोपायचं होतं.

चादरीच्या रंगाचं कारण साधं आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे दिसेल त्याची सरासरी मधल्या करड्या रंगाशी जुळवतं. चौकटभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि ते चित्र काळवंडून टाकतं. एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप वर न्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). सीझनच्या शेवटी बर्फावर धूळ, सुया, झाडाची सालपटं पडलेली असतात, त्यामुळे बहुधा सव्वा-दीड पुरतो. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेरा दाखवतो तो उजेडाचा आलेख (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं), उजव्या भिंतीजवळ जाऊ द्या, पण टेकू देऊ नका, कारण टेकला की तिथले दाणे गेले आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत. रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये. सावल्या निळ्या असतात कारण सावलीत सूर्याचा उजेड पोचत नाही, आकाशाचा पोचतो. थोडा निळा कमी करा, पण सगळा पुसू नका. निळ्या सावल्यांशिवाय बर्फ मिठागरासारखा दिसतो. पोलरायझर (चमक कमी करून आकाश गडद करणारी, लेन्सवर फिरवायची काच) असेल तर अर्ध्यावर फिरवा. उंचावर आकाश आधीच गडद असतं, पूर्ण फिरवला की काळं होतं.

आणि एक, जे मला स्वतःला शिकायला वेळ लागला. कड्याच्या टोकावर वाऱ्याने साठवलेला बर्फ पुढे छज्जासारखा लोंबत असतो. वरून तो छज्जा आहे हे दिसतच नाही, सपाट जमीन वाटते. उन्हाळा जवळ आला की तो वाकतो, आणि तुटतो तेव्हा आपल्याला वाटतं त्यापेक्षा बराच मागून तुटतो. फोटोवाले नेमके तिथेच दोन पावलं पुढे सरकतात. मी एकदा बाजूच्या धारेवरून वळून पाहिलं तर मघाशी तिपाई लावली होती तिच्या खाली निळी हवा होती. त्यानंतर कडा आधी बाजूने बघतो, मग फ्रेम.

गुडघेदुखी:
वरचं सगळं पटलं, पण ‘दुपारी झोप’ लोकांच्या गळी उतरत नाही. पैसे भरलेत, ऊन पडलंय, मग चला अजून एक फेरी. माझं लिगामेंट त्या ‘अजून एक’ फेरीतच गेलं. ओल्या बर्फात स्की रुतते, वळायला जावं तर स्की तिथेच आणि मांडी मात्र वळलेली. मधे गुडघा असतो.

ताई, तुमचं सावलीतून उन्हात येऊन थांबणं अगदी नेहमीचं आहे. सावलीत बर्फ गोठलेला, स्की सुसाट. उन्हात बर्फात पाणी सुटलेलं, ते स्कीच्या तळाला ओल्या काचेवर काच चिकटावी तसं ओढतं. रेघ आधीच दिसते ना? तिच्या आधी वेग कमी करा, एक पाऊल जरा पुढे ठेवा, वजन टाचांकडे किंचित येऊ द्या. आणि स्कीच्या तळाला लावतात ते मेण बदला. कडक थंडीचं मेण ओल्या बर्फात कुचकामी, उबदार बर्फाचं वेगळं मिळतं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण लोक तेवढंही करत नाहीत आणि मग बर्फाला शिव्या देतात.

कॅमेरा गळ्यात? कधीच नाही. पुढे पडलात तर छातीत, मागे पडलात तर हनुवटीवर. स्कीइंग करताना खिशातला छोटा कॅमेरा किंवा फोन. मोठा नेलाच तर पाठीला घट्ट बसणाऱ्या पिशवीत आणि कमरेचा पट्टा आवळून, नाहीतर वळताना पिशवी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

साबुदाणा नव्हे:
धुक्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. थंड कॅमेरा उबदार, दमट हवेत आला की हवेतलं पाणी त्याच्यावर बसणारच. आत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून बंद करा. पाणी पिशवीवर बसेल. आतला कॅमेरा खोलीइतका गरम झाल्यावरच उघडा, दोन तास लागले तरी. कार्ड आणि बॅटरी आधी काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत तुम्ही पिशवी उघडणार, मला माहीत आहे. उलट चूक म्हणजे कॅमेरा जॅकेटच्या आत ठेवणं. तिथे घामाची वाफ असते. आत ठेवायच्या त्या बॅटऱ्या, कारण थंडीत त्या लवकर मान टाकतात. मेलेली वाटलेली बॅटरी खिशात गरम केली की पुन्हा थोडी चालते.

जाता जाता. चांदण्यांसारखे हिमकण टिपायचे असतील तर हा सीझन नाही. अमेरिकेत व्हर्मॉन्टमध्ये विल्सन बेंटलीने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा आपला पहिला फोटो काढला आणि आयुष्यभरात ५००० च्या वर काढले. ते सगळे ताजे, पडता पडता झेललेले कण. आपल्या वाट्याला गोल दाणे. पण मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक वस्तू टिपणारी) लावून, सूर्य समोर ठेवून बघा, एकेका दाण्यात उजेड अडकलेला दिसतो. स्की वळताना उडतो तो फवाराही याच दाण्यांचा असतो. भुकटीसारखा ढग होत नाही, सुटे मणी उडतात. सूर्य पाठीमागे ठेवणाऱ्या स्कीवाल्याचा फोटो १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद शटरने घ्या, फोकस वळणाच्या जागेवर आधीच लावून ठेवा.

घसरगुंडी:
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! क्रम उलटा धरला होता हे आत्ता कळलं. दोन शंका. रात्री ढग असले तर? आणि गेल्या वर्षी एका खोलगट जागी बर्फ गुलाबीसर दिसला होता, मला वाटलं कोणीतरी रंग सांडला. तो काय प्रकार?

जुनी फीत:
ढगांचा प्रश्न फार चांगला. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता थेट आकाशात फेकतो. हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. ढग आले की गोधडी पांघरल्यासारखं होतं, उष्णता अडते, बर्फ गोठतच नाही. अशा सकाळी उठल्या उठल्या बूट रुतला तर तीव्र उतारांकडे जायचंच नाही. पाण्याने कणांची पकड सुटलेली असते आणि साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ओला बर्फ सरकतो. कडेच्या खडकांपाशी सुटे गोळे घरंगळायला लागले तर तो निरोप समजा. हिमस्खलनाचं पत्रक रोज सकाळी वाचा. त्यात धोक्याची पाच पायऱ्यांची मोजणी असते, आणि या दिवसांत सकाळी खालची पायरी असून दुपारी वरची होते, त्यामुळे नुसता आकडा बघून थांबू नका, वेळही बघा.

ढगाळ उजेडात उतारावरचे खड्डे-उंचवटे दिसत नाहीत, सगळं दुधाचं. गॉगलची पिवळी किंवा गुलाबी काच थोडी मदत करते. झाडांच्या कडेने राहा. कॅमेऱ्यालाही तेच लागू: काळं खोड, ओला खडक, काहीतरी गडद धरून फ्रेम बांधा. आणि ढग आहेत म्हणून गॉगल काढून ठेवू नका. अतिनील किरण उंचीबरोबर दर १००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढतात, वर बर्फ ते परत फेकतो. माझ्या नाकपुड्यांच्या आतली बाजू भाजली होती एकदा. हसताय, पण शिंकताना हसू येत नाही.

गुलाबी बर्फ म्हणजे शेवाळ. हिरव्या शेवाळाचीच जात, पण उन्हापासून बचाव म्हणून लाल रंगद्रव्य साठवते. वितळत्या, ओल्या, जुन्या बर्फातच वाढते, म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांना सहसा दिसत नाही. लांबून फिकी वाटते. दाबली की रंग गडद होतो, त्यामुळे तिच्यावरून कोणी स्की नेली असेल तर मागे दोन लालसर रेघा राहतात. यंदा दिसली तर त्या रेघा काढा, सकाळच्या आडव्या उजेडात. आणि गुडघ्याला आधी पट्टा बांधा.