जुन्या गाडीला सिंथेटिक ऑइल: फायदा की नुसताच खर्च?

गोदाकाठ (धागाकर्ता)

वडिलांनी १९९९ साली घेतलेली मारुती ८०० आजही आमच्या दारात उभी आहे. एक लाख बारा हजार किलोमीटर झाले असून आजवर तिला २०डब्ल्यू-४० ग्रेडचे साधे मिनरल (खनिज तेलापासून काढलेले) ऑइलच घातले आहे. परवा ऑइल आणायला गेलो असता दुकानदाराने ५डब्ल्यू-३० फुल्ली सिंथेटिकचा (रासायनिक प्रक्रियेने घडवलेल्या ऑइलचा) डबा पुढे केला आणि इंजिनाचे आयुष्य दुप्पट होईल, अशी ग्वाही दिली. किंमत नेहमीच्या अडीचपट. मिस्त्री मात्र म्हणाला, "साहेब, हे टाकलंत तर महिनाभरात सगळी सीलं गळायला लागतील." गाडी वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालते, त्यातही बहुतेक फेऱ्या मंडईपर्यंतच्या, दोन-तीन किलोमीटरच्या. दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात अर्धा लिटर ऑइल कमी होते. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

वाईकर

मिस्त्रीचे ऐका, पण त्याने दिलेल्या कारणासाठी नव्हे. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होत असेल, तर जळण्यातून तयार झालेले पाणी आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि तिथेच राहते; ते कोणत्याही फिल्टरने निघत नाही. त्यामुळे अशा गाडीचे ऑइल किलोमीटर न पाहता तारखेप्रमाणे बदलावे लागते. दहा हजार किलोमीटर टिकणारे महागडे ऑइल चार हजारांवर चेंबरच्या नटातून खाली सोडून द्यायचे असेल, तर ते टिकाऊपण विकत कशाला घ्यायचे?

दुसरे म्हणजे ग्रेड. माझ्या प्रीमियर पद्मिनीत मी एकदा उत्साहाच्या भरात ५डब्ल्यू-३० सिंथेटिक घातले होते. पुण्याहून येताना खंबाटकी चढून वर आलो आणि गाडी आयडलला उभी केली की ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकू लागे. पुन्हा २०डब्ल्यू-४० मिनरल घातल्यावर तो दिवा आजतागायत लागलेला नाही. झिजलेल्या बेअरिंगला दाट ऑइलच लागते.

वर्धेची झेन

वाईकरसाहेब, आपण पातळ ग्रेड घातलीत आणि दोष सिंथेटिकला दिलात. ग्रेडमधला पहिला आकडा गार ऑइलचा, जितका लहान तितके ते पातळ; दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट आहे ते सांगतो. ४० ग्रेडसाठी ती मर्यादा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) आहे, मग ऑइल मिनरल असो वा सिंथेटिक. आपण ३० वर उतरलात, म्हणून दिवा लुकलुकला. ५डब्ल्यू-४० घातले असते, तर गरम इंजिनात तेवढाच दाटपणा मिळाला असता आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला तेच ऑइल वरपर्यंत लवकर पोहोचले असते. नाशकात जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. धागाकर्त्यांची गाडी तर बहुतांश वेळ गार अवस्थेतच धावते, म्हणजे या गुणाचा सर्वाधिक उपयोग त्यांनाच होणार.

सील गळण्याची कथा १९७०च्या दशकातल्या सिंथेटिक ऑइलपासून चालत आलेली आहे. तेव्हाच्या काही ऑइलमुळे रबर आकसत असे. आताच्या ऑइलमध्ये त्याचा तोल सांभाळणारे घटक असतात. माझ्या २००२च्या झेनमध्ये सिंथेटिक घातल्यावर टॅपेट कव्हरपाशी (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणापाशी) खरोखरच ओल दिसू लागली. कव्हर उघडून गॅस्केट (मधली सीलपट्टी) काढायला गेले, तर ते पापडासारखे मोडून हातात आले. इतकी वर्षे साचलेल्या काजळीने ती फट बुजवून ठेवली होती आणि नव्या ऑइलने ती काजळी धुऊन काढली, एवढेच. नवे गॅस्केट बसवल्यापासून चार वर्षांत थेंब गळलेला नाही.

वाईकर

ताई, ग्रेडचा मुद्दा मान्य. चूक माझीच होती. पण "सिंथेटिक" या शब्दाचे काय? १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात जाहिरातीवरून वाद झाला आणि त्याच्या निकालानंतर, अधिक शुद्ध केलेले खनिज तेलही तिथे सिंथेटिक म्हणून विकता येऊ लागले. आज डब्यावर फुल्ली सिंथेटिक लिहिलेले पुष्कळसे ऑइल त्याच जातीचे असते. शिवाय माझ्या पद्मिनीला व्हॉल्व्ह हलवणारे पुशरॉड आणि सपाट टॅपेट आहेत. त्यांना झीज रोखणारे जस्त-फॉस्फरसचे मिश्रण लागते आणि नव्या ऑइलमध्ये त्याचे प्रमाण घटवले आहे.

वर्धेची झेन

घटवले आहे, पण कोणत्या ऑइलमध्ये तेही पाहावे. २००४च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम वर्गापासून, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, ती ३० आणि त्याखालच्या पातळ ग्रेडवर. ४० ग्रेडला ती लागू नाही. म्हणजे हाही मुद्दा ग्रेडचाच निघाला. आणि अधिक शुद्ध केलेले खनिज तेल जर गाळ कमी धरत असेल, तर त्याला काय म्हणायचे यावरून मी भांडणार नाही.

करवीर गॅरेज

गेली तीस वर्षे मी जुन्या गाड्यांचेच काम करतो, म्हणून थोडे लिहितो. गोदाकाठसाहेब, आधी अर्धा लिटर ऑइल जाते कुठे ते शोधा. सकाळी स्टार्ट करताच क्षणभर निळा धूर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेली आहेत. चढावर सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा. गळतीसाठी गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवा. अडीचपट किमतीचे ऑइल जाळण्यात शहाणपणा नाही. आणि ऑइल भरायचे झाकण उघडून आतून बघा.

गोदाकाठ

झाकण उघडले. आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा पांढुरका थर होता. बोटाने पुसला, तर बोट ओलसर झाले, म्हणजे ऑइलमध्ये पाणी साचते आहे. पुठ्ठा कोरडा निघाला, मात्र सकाळी धुराचा एक निळा झोत दिसला. त्यामुळे आधी व्हॉल्व्ह सील बदलून घेतो, २०डब्ल्यू-४० मिनरलच घालतो, ते दर सहा महिन्यांनी बदलतो आणि दर रविवारी गाडी त्र्यंबकपर्यंत नेऊन चांगली तापवून आणतो.

वर्धेची झेन

वर्षातून दोनदा मिनरल, दोन फिल्टर आणि दोनदा मजुरी धरलीत, तर खर्च एकदाच्या सिंथेटिकएवढाच होईल. हिशेब करून पाहा.

वाईकर

होऊ द्या. त्या पांढुरक्या थरातले पाणी वर्षातून एकदा बाहेर जाण्यापेक्षा दोनदा गेलेले मला चालेल.