‘देवाचं राज्य ह्या जगाचं नाही, विषय संपला’ म्हणणाऱ्यांना

सावेडीकर
परवा इथे एका भावाने लिहिलं की हल्ली पाळकसाहेब उपदेशात पगार, पाणी, जमिनी असलं काय काय आणतात, म्हणून उपासनेत मन लागत नाही. देवाचं राज्य ह्या जगाचं नाही, योहान 18:36, विषय संपला. खाली आमेनची रांग.

विषय संपतो कसा? ते वाक्य येशू रोमी सुभेदार पिलातासमोर उभा राहून बोलला. लगेच पुढे म्हणतो की असतं, तर माझे सेवक लढले असते. म्हणजे तो तलवारीबद्दल बोलतोय, मजुरीबद्दल नाही. आपण लहानपणापासून ‘तुझे राज्य येवो’ म्हणतो, त्याला लागूनच ‘पृथ्वीवरही’ आहे, आणि मग भाकर. ती भाकर काय मेल्यावर खायची?

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची पगाराची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेला असो नसो, बसायला जागा. माझं म्हणणं एवढंच: भावकीत वाटणी होताना, गड्याच्या हातावर पैसे ठेवताना, सुनेशी बोलताना तुमच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा असतो? तिथे राजा दिसत नसेल तर रविवारच्या टाळ्या कोणासाठी?

प्रभूचा सेवक
‘एका भावाने’ कशाला, सरळ माझं नाव घ्यायचं. घाबरत नाही मी.

रोमकरांस 14:17 वाचा. देवाचं राज्य खाण्यापिण्यात नाही, नीतिमत्त्व, शांती आणि पवित्र आत्म्यातला आनंद ह्यात आहे. आणि नव्याने जन्मल्याशिवाय ते दिसत नाही, हे येशूने निकदेमाला सांगितलं, तो तर मोठा शिकलेला होता. विहीर संस्थाही खोदते. त्याला चर्च कशाला हवं?

माझे वडील दारूपायी घरातली भांडी विकायचे. आई शेजारच्या पातेल्यात स्वयंपाक करायची. कोणत्या मोर्चाने सोडवलं नाही त्यांना. एका संजीवन सभेत रात्री गुडघ्यावर आले आणि सुटले. तुमच्यासाठी हे ‘टाळ्या’ असतील.

आणि तुम्ही आता पंडिता रमाबाई काढणार, म्हणून आधीच सांगतो. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनात 1905 साली मुली रात्ररात्र प्रार्थना करत होत्या.

सावेडीकर
आणि त्याच मुक्ती मिशनातल्या बायका छापखाना चालवत होत्या. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबल त्यांनीच छापलं. वडिलांचं वाचलं, त्यावर वाद नाही. पण दारू सुटल्यावर पहिलं काय झालं? घरात भांडी आली. हेच म्हणतोय मी.

वसईची सून
प्रोटेस्टंट मंडळींच्या भांडणात एका कॅथलिक बाईने बोलावं का माहीत नाही, पण बोलते.

ख्रिस्तराजाचा सण 1925 मध्ये पोप पायस अकरावे ह्यांनी सुरू केला. मिस्सातली, म्हणजे आमच्या उपासनेतली, बायबलची वाचनं तीन वर्षांनी फिरून येतात. त्या सणाला एका वर्षी मत्तय 25 असतं, भुकेल्याला खायला दिलंत ते मला दिलंत. दुसऱ्या वर्षी नेमकं तुमचं योहान 18. तिसऱ्या वर्षी वधस्तंभावरचा चोर, ‘माझी आठवण करा’ म्हणणारा. एकाच सणाला तिन्ही. आमच्याकडे एवढं भांडण लागत नाही.

बरं, थोडं लागतं. आमच्या वाड्यांतल्या विहिरी उपसून टँकर बाहेर जायचे तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई चळवळीत रस्त्यावर उतरले. तेव्हाही लोक म्हणायचेच, पाद्र्याने वेदी सांभाळावी. सासूबाई त्यांना उत्तर द्यायच्या, बाप्तिस्म्याला पाणी कुठून आणशील मग? 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाल्यावर मात्र सगळे ‘आमचे फादर’ म्हणू लागले.

बागायतदार निफाड
मी ख्रिस्ती नाही, पण मिशनच्या शाळेत शिकलो, येशूचे दाखले, म्हणजे त्याने सांगितलेल्या गोष्टी, पाठ आहेत. मजुरीचा विषय निघालाय तर एक विचारतो. तो द्राक्षमळ्याचा दाखला, मत्तय 20. सकाळी आलेल्याला एक दीनार, संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एक दीनार. ज्याने हे सांगितलं त्याची बाग नव्हती, सुतारकाम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मळ्यात कोण आलं, ते दाखल्यात नाही!

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, शेंडा खुडणं, सगळं एकदमच येतं. टोळी एक दिवस उशिरा आली की घड हातचा जातो. त्यात बेमोसमी पाऊस, डावणीचा रोग, औषधांची उधारी. मजुरांवर दया सगळ्यांनाच येते, बागायतदारावर कोणत्या शुभवर्तमानात येते?

पेठवाला
साहेब, दाखला तुम्ही पाठ केलात, वाचला नाही. पाचला उभे असलेल्यांना मालक विचारतो, इथे रिकामे का? ते म्हणतात, आम्हाला कोणी लावलंच नाही.

मी मजुरांच्या नाक्यावर उभा राहिलोय, आईबरोबर. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली माणसं अंधारात निघतात. पिकअप थांबते, मुकादम खाली न उतरताच बोट दाखवतो. तू, तू, तू. आईला खोकला होता. ती पदर तोंडात कोंबून उभी राहायची, ऐकू जाऊ नये म्हणून. तरी राहायचीच. दुपारपर्यंत नाक्यावर म्हाताऱ्या, पोटुशी आणि अशी माणसं उरतात. ती आळशी नसतात, नाकारलेली असतात. त्यांच्या घरी चूल अर्धी पेटत नाही.

अजून एक. त्या मालकाकडे कारभारी होता, मजुरी वाटायला त्यालाच बोलावतो. पण माणसं आणायला पाचही वेळा स्वतः बाजारात गेला. तुम्ही नाक्यावर कधी गेलात?

बागायतदार निफाड
आईबद्दल आदर आहे. पण मला खलनायक करू नका. मी उक्तं देतो, एकरी ठरवून, टोळीत कोणाला घ्यायचं ते मुकादम बघतो.

पेठवाला
हेच म्हणालो. मुकादम बघतो.

प्रभूचा सेवक
पाहिलंत? देवाच्या राज्यावरून छाटणीवर आलात. दाखला कृपेचा आहे, तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावता येत नाही एवढाच अर्थ. त्याला कामगार कायदा करून टाकलात.

संडे स्कूल टीचर
कायद्याचंच बोलायचं तर सेवकभाऊ, हे ऐका. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये (गाव सांगत नाही), ह्याच दाखल्यावर पाऊण तास उपदेश झाला, अगदी तुम्ही म्हणता तसा कृपेचा. बाहेर आवार झाडणाऱ्या मावशी चपला लावत होत्या. त्यांना महिन्याला मिळतं ते लिहायचीही लाज वाटते. वार्षिक हिशेबात त्यांचा पगार ‘इतर खर्च’ मध्ये, फुलं आणि मेणबत्त्यांबरोबर. साउंड सिस्टिमला मात्र स्वतंत्र रकाना. मी सभेत विचारलं तर चर्चचा कारभार बघणारे एक पंच म्हणाले, मावशी सेवा करतात, प्रभू देईल. नंतर माझ्याकडचा वर्ग काढून घेतला.

सावेडीकर
आणि तुम्ही गप्प बसलात?

संडे स्कूल टीचर
विचारल्यावर वर्ग गेला असं लिहिलंय वर. वाचत जा. तुमच्या मंडळीत झाडणाऱ्यांना काय देता ते टाका ना इथे, तुम्हीही पंच आहात तर.

वसईची सून
😐

प्रभूचा सेवक
टीचरताईंच्या म्हणण्याला माझं आमेन. घ्या, खूश व्हा. पण तो पंच नव्याने जन्मलेला असता तर असं बोलला नसता, म्हणजे मुद्दा माझाच.

सावेडीकर
जन्मलाय की नाही ते मग मावशींच्या पगारावरूनच कळणार ना? आमचा आकडा विचारून टाकतो, खजिनदार गावाला गेलेत.

संडे स्कूल टीचर
पंचाला पाठ नाही. छान.

बागायतदार निफाड
तुमचं चालू द्या. पेठवाले भाऊ, तुमच्या भागातली टोळी आहे का कोणाची ओळखीची? मुकादमाशिवाय.

पेठवाला
आहे. दोन म्हाताऱ्या असतील त्यात, हात हळू चालतो. मजुरी मात्र सगळ्यांना सारखी.

बागायतदार निफाड
रोजाने की एकरी?

पेठवाला
रोजाने.

बागायतदार निफाड
बघतो. घरी विचारून सांगतो.