धंदा रुळला, आता पुढं काय? दुसरं दुकान की नवं कसब?

पूर्णाकाठ (जिंतूर)

जिंतूरला माझं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. दोन कारागीर, हाताखाली एक पोरगं. बँकेचं कर्ज फिटलं, गाळा स्वतःचा झाला, तांब्याची तार देणारा परभणीचा व्यापारी नुसत्या फोनवर माल पाठवतो. मी दिवसभर लग्नाला गेलो तरी मोटार ठरल्या वेळेला दुकानातून बाहेर पडते. एवढं सगळं जमून आलं आणि आता मला दुकानात करमत नाही. घरात हे बोललं की सगळे घाबरतात, म्हणून इथं मांडतो.

मोटार उघडली की मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायच्या आधीच मला कळतं काय झालंय. स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर आणि तिसरीची तार अजून चकाकते, म्हणजे लाइनीतला एक फेज गेला होता आणि मोटार तशीच ओढत राहिली. सगळ्याच सारख्या करपल्या असतील तर कमी व्होल्टेज, नाहीतर गाळानं जाम झालेला पंप. रात्री लाइट आली की ऑटो स्विचमुळं डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं आणि सकाळी शेतकरी मोटार पिकअपमध्ये टाकून दारात हजर. मग जुनं तांबं उपसायचं, फॉर्म्यावर नवीन कॉइल गुंडाळायची, स्लॉटमध्ये बसवायची, बांधायची, टेस्ट करायची. वर्षानुवर्षं हेच.

पाहुणे म्हणतात सेलूला दुसरं दुकान टाका. मित्र म्हणतात पंपाची एजन्सी घ्या. माझं मत, दोन्ही नको. दुसऱ्या दुकानात हेच काम दुप्पट होणार आणि वर रस्त्यावरची धावपळ. एजन्सीत पैसा माल होऊन पडून राहतो. त्यापेक्षा मोकळा झालेला वेळ सौर पंप आणि त्याचे कंट्रोलर (पॅनलच्या विजेवर मोटार चालवणारी पेटी) शिकण्यात घालावा. २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत किमतीच्या १० टक्के भरून (अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के) शेतकऱ्याला ३ ते ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. ज्याच्या वावरात पॅनल उभं राहिलं, तो माझ्याकडं यायचा बंद झाला. वहीतली जुनी नावं बघून सांगतोय. माझ्या डोळ्यांदेखत गिऱ्हाईक दुसरीकडं सरकत असताना मी रुळलेल्या दुकानात समाधानानं बसावं, हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

उदगीरचा मोंढा

दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. करमत नाही ही अडचण तुमची आहे, दुकानाची नाही. तिच्यासाठी दुकान हलवू नका.

आमच्या घरात डाळीचा धंदा तिसऱ्या पिढीत आहे. तूर घ्यायची, तेल-पाणी लावायचं, वाळवायची, भरडायची, चाळायची. रोज तेच, आणि त्या रोजच्या तेच-तेवर घरातल्या पाच पोरींची शिक्षणं झाली. आपल्या भागात पाऊस एक वर्ष दगा देतो आणि दोन वर्षं मागं नेतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात बोअरलाच पाणी नव्हतं, मोटार चालणार कशी आणि जळणार कशी? मोटार जळाली नाही की वाइंडिंगवाल्याच्या घरी चूल कशी पेटली असेल, ते तुम्ही मला सांगायला पाहिजे.

म्हणून माझा एकच प्रश्न. तसं एक वर्ष आलं तर दोन्ही कारागिरांचा पगार आणि घरखर्च निघेल एवढी रक्कम बँकेत बाजूला आहे का? नसेल तर पुढची सगळी वर्षं तीच जमवा.

मोसंबी (जालना)

काकांचं बोलणं ऐकून माझे वडीलच आठवले, पण मी त्यांच्या बाजूची नाही.

सगळ्यांनी 'बसलंय ते बसू द्या' म्हटलं असतं तर जालना आज नुसता बाजाराचा गाव राहिला असता. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली आणि १९६४ मध्ये इथं महिको ही बियाणे कंपनी उभी केली. त्यांच्यामागं किती बियाणे कंपन्या या गावात आल्या! स्टीलच्या भट्ट्याही इथंच आहेत, खाण एकही नसताना. माणसानं हात बसल्यावर एक पायरी वर जायला पाहिजे.

आणि सेलूचं दुकान तुम्ही फार लवकर सोडून दिलंत. दुकान तुमच्याशिवाय चालतं असं तुम्हीच लिहिलंय. मग ते सेलूतही चालेल. लोअर दुधनाच्या कालव्याचा भाग आहे, ऊस आहे, मोटारी आहेत. गिऱ्हाईक वाट बघत असताना पुस्तक घेऊन बसायचं वय नाही आपलं.

पूर्णाकाठ

ताई, दुकान माझ्याशिवाय चालतं ते माझ्या दोन कारागिरांमुळं. त्यातला एक सेलूला पाठवला की जिंतूरचं दुकान पुन्हा माझ्या अंगावर. तिसरा तयार कारागीर मिळत नाही. आयटीआय करून निघालेलं पोरगं वाळूज नाहीतर चाकणची कंपनी धरतं, आमच्याकडं उकाड्यात कॉइल भरायला थांबत नाही. बारवाले यांचं उदाहरण मोठं आहे, पण त्यांनी एकाची दोन दुकानं केली नाहीत. शेतकऱ्याला पुढं काय लागणार ते आधी ओळखलं आणि ते शिकून केलं. मी तेच म्हणतोय.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: अर्धी आहे.

उदगीरचा मोंढा

मग उरलेली अर्धी हीच तुमची दुसरी शाखा. ती आधी उघडा.

केजचा सौरवाला

मी बीड जिल्ह्यात सौर पंप बसवतो, म्हणून पूर्णाकाठ यांच्या बेताबद्दलच बोलतो. शिकायला हरकत नाही. पण त्यावर लगेच पैसा दिसेल असं धरून चालू नका.

योजनेतल्या पंपाची पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची असते. कंट्रोलरमध्ये सिम असतं, पंप चालला की बंद पडला हे लांबून दिसतं. मधेच गावातल्या मिस्त्रीनं पेटी उघडली तर वॉरंटीवरून शेतकऱ्याचंच भांडण लागतं. पाच वर्षांत जे काम निघतं ते वादळात वाकलेला सांगाडा, उंदरानं कुरतडलेली केबल, फुटलेलं पॅनल. त्यात वाइंडिंग नाही. आमच्यासारखे पोटगुत्तेदार ते करतात आणि बिल निघायला महिने जातात. तुमच्याकडं आज शेतकरी रोख देतो किंवा पिकावर देतो, पण देतो. कंपनीच्या बिलामागं फिरायची सवय तुम्हाला नाही.

दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही आयुष्यभर एसीवर, म्हणजे लाइनीच्या विजेवर काम केलंय. स्टार्टर पाडला, फ्यूज काढले की काम सुरू. सौरमध्ये ऊन आहे तोवर पॅनलकडची बाजू जिवंतच राहते, एकामागं एक जोडलेल्या पॅनलचे कित्येक शे व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज. चालू लोडवर जोड ओढला तर जी ठिणगी लागते ती एसीसारखी आपोआप विझत नाही. तेव्हा शिकायचं तर कुणाच्या तरी हाताखाली शिका. मोबाइलवर बघून हात घालू नका.

पूर्णाकाठ

दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि लिहिलंत हे फार बरं केलंत.

पहिल्याला माझं उत्तर आहे. मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना २०१९ च्या सुरुवातीला आली. तेव्हा बसलेल्या पंपांची पाच वर्षं सरली. असे शेतकरी माझ्याकडं येतात आणि मी त्यांना परत पाठवतो, हेच मला खटकतं. मोटारीचं वाइंडिंग मला जमेल. काही सौर मोटारी कमी व्होल्टेजच्या असतात, फेरे कमी आणि तार जाड, एवढा फरक पकडला की बाकी काम ओळखीचं. पण मोटार चांगली आणि कंट्रोलर मेलेला असला की माझे हात बांधलेले. आज मुदत संपलेले पंप थोडे आहेत. २०२४ नंतर बसलेल्यांची मुदत २०२९ पासून संपायला लागेल. तोवर हात तयार पाहिजे. मी उद्याच्या कमाईचं बोलतच नाही.

एक वाचक (परळी)

विश्वकर्मा योजनेत अर्ज करा ना. प्रशिक्षण, विद्यावेतन आणि स्वस्त कर्ज, तिन्ही मिळतं.

निवृत्त बँकवाला (नांदेड)

पीएम विश्वकर्मामध्ये १८ व्यवसाय ठरलेले आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, गवंडी वगैरे. मोटार वाइंडिंग त्यात नाही.

कर्ज पाहिजेच असेल तर मुद्रा आहे. तरुण गटातलं कर्ज फेडलेल्यांना २०२४ पासून तरुण प्लसमध्ये २० लाखांपर्यंत मिळू शकतं. पण पूर्णाकाठ, तुम्ही कर्ज फिटलंय असं लिहिलंत, उधारीबद्दल एक शब्द लिहिला नाही. आपल्याकडच्या दुकानाचा खरा चेहरा उधारीच्या वहीत असतो. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास, तुरीचे जानेवारी-फेब्रुवारीत, उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीनं. बँकेत मी अशी कितीतरी दुकानं बघितली की कागदावर नफ्यात आणि हातात तार आणायला पैसे नाहीत. एजन्सी घेऊ नका हे तुमचं म्हणणं याच कारणानं बरोबर आहे. नवीन पंप उधारीवर गेला की तुमची पूर्ण रक्कम शेतात बुडालेली असते, वाइंडिंगच्या उधारीत निदान अर्धा भाग तुमची मजुरी असते.

मोंढेकाकांशी मात्र सहमत नाही. रक्कम बाजूला ठेवा म्हणतात ते ठीक, पण ठेवीकडं बघत पाच वर्षं थांबलेला कारागीर मागं पडतो. त्याला काळाबरोबर चालावंच लागतं. गावागावात रेडिओ दुरुस्ती करणारी माणसं होती. त्यांच्या हातात कसब नव्हतं असं कुणी म्हणेल का?

उदगीरचा मोंढा

साहेब, रेडिओचं उदाहरण इथं लागू होत नाही. राज्य सरकारनं ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाची वीज मार्च २०२९ पर्यंत मोफत केलीय. फुकटची लाइट असताना सगळेच शेतकरी उद्या तारा तोडून पॅनल लावणार का? येलदरीच्या पाण्यावरून लांबून उचलून पाणी नेणाऱ्यांच्या मोठ्या मोटारी तर लाइटवरच राहणार. वाइंडिंग कुठं जात नाही. बाजूला ठेव नसेल तर शिकलेलं कसबही दुष्काळात विकावं लागतं, हे मी घरच्या अनुभवानं सांगतो.

वाळूजहून परत (हिंगोली)

सगळ्यांचं वाचलं. मी कारागीर माणूस. वाळूजला कंपनीत होतो, आता गावाकडं एका दुकानात मोटारी भरायलोय. एवढ्या चर्चेत त्या दोन कारागिरांचं कुणी विचारलं नाही, म्हणून लिहितो.

मालकाला कंटाळा आला की मालक सौर शिकायला जातो. कारागिराला कंटाळा आला तर? त्याला पण तीच कॉइल, तोच स्लॉट, आणि त्याच्या नावावर गाळा नाही. तुमचं दुकान तुमच्याशिवाय चालतं ते ज्यांच्यामुळं, त्यांच्यासाठी पुढं काय हे तुम्ही ठरवलं नाही तर ते स्वतः ठरवतील. एक दिवस तुमच्यासमोरच्या गाळ्यात दुकान टाकतील आणि अर्धी गिऱ्हाइकं घेऊन जातील. तेव्हा कंटाळा पळून जाईल, पण फार महागात.

माझं म्हणणं, सौर तुम्ही शिकू नका, त्यांच्यातल्या एकाला शिकवा. त्याचं वय तुमच्यापेक्षा कमी असणार. आणि सेलूचं दुकान त्याच्या नावानं निघू द्या, तुमचा हिस्सा ठेवून.

मोसंबी

हे मला फार पटलं. मी दुकान म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यातही मालक तुम्हीच होतात.

पूर्णाकाठ

भाऊ, रात्री तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हेच मी दोन दिवाळ्यांपासून सांगतेय. उधारीची वही तीच सांभाळते, त्यामुळं बँकवाल्या साहेबांच्या प्रश्नाचं उत्तरही तिनंच दिलं: उधारी आहे, पण तारेच्या व्यापाऱ्याचं देणं वेळेवर जातं, ते कधी चुकलेलं नाही.

सौर मी शिकू नये, हे मात्र मान्य नाही. जे मला येत नाही त्या कामावर मी दुसऱ्याला बसवणार नाही. त्या डीसीच्या पेटीत आधी माझा हात जाईल, मग त्याचा. केजवाले, तुमच्याकडं बसवायचं काम निघालं की मला हाताखाली घ्या, मजुरी नको. सेलूबद्दल थोरल्या कारागिराशी बोलणार आहे. त्यानं स्वतः हो म्हटलं तरच, आणि हिस्सा किती वर्षांनी संपणार हे आधी कागदावर लिहून.

केजचा सौरवाला

या. मृग लागायच्या आधी या, नंतर चिखलात सांगाडे उभे राहत नाहीत. रबरी हातमोजे आणि स्वतःचा डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन या.

वाळूजहून परत

कागदावर करताय हे लई चांगलं. पण एक गोष्ट त्यात घालाच. तारेचा व्यापारी तुमच्या नावावर माल देतो, त्याच्या नावावर देणार नाही. पहिला हंगाम तार तुमच्या खात्यावर मिळणार का, हे लिहिलं नाही तर त्याचं दुकान दिवाळीआधी बंद पडतंय.

उदगीरचा मोंढा

हे झालं जामीन राहणं. पूर्णाकाठ, तार त्याला द्या, पण किती किलोपर्यंत तो आकडा ठरवा आणि तेवढी रक्कम त्या बाजूला ठेवलेल्या अर्ध्यातून वजा धरा. मग उरलेल्यात एक वाईट वर्ष निघतं का ते वहिनींना विचारा. त्या हो म्हणाल्या तर माझा विरोध नाही.