पीएसव्हीचा १९८८चा युरोपियन चषक: सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-४०१: काल गच्चीवर निघालेला मुद्दा अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या पीएसव्ही या फुटबॉल क्लबने १९८८ मध्ये युरोपियन चषक (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला, तो उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचा एकही सामना न जिंकता. बोर्दोशी १-१ आणि ०-०, रेआल माद्रिदशी पुन्हा १-१ आणि ०-०, तर श्टुटगार्टच्या अंतिम सामन्यात बेन्फिकाशी जादा वेळेनंतरही ०-०. पेनल्टीवर पदरात पडलेल्या अशा विजेतेपदाला थोर म्हणणे मला तरी जड जाते.

सी-१०३: काका, हिशेब बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. दोन्ही फेऱ्यांतील पहिला सामना परक्या मैदानावर होता आणि तिथे विम कीफ्ट व एडवर्ड लिन्सकेन्स यांनी एकेक गोल केला होता. एकूण गोल समान राहिल्यास परक्या मैदानावरचा गोल भारी ठरे, असा तेव्हाचा नियम असल्यामुळे घरच्या सामन्यात गोल खायचा नाही एवढेच काम उरले, आणि प्रशिक्षक गस हिडिंक यांच्या संघाने ते चोख बजावले. तेही आदल्याच उन्हाळ्यात रूड गुलिटसारखा खेळाडू मिलानला गेलेला असताना! अंतिम सामन्यात तर पीएसव्हीच्या सहाच्या सहा पेनल्टी गोलात गेल्या आणि बेन्फिकाच्या व्हेलोसोची सहावी पेनल्टी गोलरक्षक हान्स व्हान ब्रॉयकेलेनने अडवली. याला नुसते नशीब कसे म्हणावे?

बी-२०४: थोडी भर घालते. १९५५ मध्ये सुरू झालेल्या पहिल्याच युरोपियन चषकात व्हिएन्नाच्या रापिडने याच क्लबचा ६-१ असा धुव्वा उडवला होता. १९८७-८८ च्या दुसऱ्या फेरीत त्याच रापिडला दोन्ही सामन्यांत हरवून पीएसव्ही पुढे सरकला, हे बरोबरींच्या चर्चेत विसरले जाते.

ए-४०१: ताई, रापिडचा मुद्दा मान्य. पण चषकाचा कस शेवटच्या फेऱ्यांतच लागतो, आणि तिथे ज्याने तारले तो नियमच होता.

सी-१०३: त्याच नियमाने पुढे मारलेही, काका. २००५ च्या उपांत्य फेरीत मिलानमध्ये २-० ने हरलेल्या पीएसव्हीने आइंडहोव्हनला पार्क जी-सुंग आणि फिलिप कोकू यांच्या गोलांनी बरोबरी साधली होती. भरपाई वेळेत मिलानच्या आम्ब्रोसिनीने हेडरवर गोल केला, कोकूने लगेच तिसरा गोल केला, तरी एकूण ३-३ होऊन मिलानच अंतिम फेरीत गेला. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, २०२१ मध्ये हा नियम रद्द केला. आजचा नियम लावला असता तर तो सामना जादा वेळेत गेला असता.

ए-४०१: मग त्याच न्यायाने १९८८ चे बोर्दो आणि माद्रिदचे सामनेही जादा वेळेत गेले असते. माद्रिदचा आघाडीवीर ह्यूगो सांचेझ याला आणखी अर्धा तास दिला असता, तर निकाल काय लागला असता, ते तुम्हीच सांगा.