थेट लोकशाही की प्रातिनिधिक? बाजारतळाच्या ठरावावरून पडलेला प्रश्न

निशिगंध (प्रश्न)

आमच्या नगरपरिषदेने आठवडी बाजार गावाबाहेर हलवून सध्याच्या बाजारतळावर व्यापारी संकुल बांधण्याचा ठराव नुकताच मंजूर केला. निवडणुकीच्या वेळी हा विषय कोणाच्याही जाहीरनाम्यात नव्हता. मी आमच्या नगरसेवकांना मत दिले ते पाणीपुरवठ्याच्या प्रश्नावर, आणि ते काम त्यांनी खरोखर चांगले केले. परंतु पाण्यासाठी दिलेल्या त्याच मताच्या आधारे आता ते बाजारतळाचा निर्णयही माझ्या वतीने घेत आहेत, हे मनाला पटत नाही. अशा मोठ्या प्रश्नांवर नागरिकांचे थेट मतदान घेणे अधिक न्याय्य ठरणार नाही का? आणि तसे असेल, तर ही पद्धत सर्रास का वापरली जात नाही? अभ्यासू सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मांडवीकाठ

आपण मांडलेली अडचण आम्हा गोवेकरांनी फार मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. डिसेंबर १९६३ मध्ये झालेल्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे असे उघडपणे सांगणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पुढे १९६५ मध्ये विधानसभेने विलीनीकरणाच्या बाजूने ठरावही केला. प्रातिनिधिक लोकशाहीच्या नियमाने पाहिले तर विषय तिथेच संपला होता. मात्र डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने आग्रह धरला की, एखाद्या प्रदेशाचे स्वतंत्र अस्तित्व राहावे की नाही, हे आमदारांच्या बहुमतावर सोडता येणार नाही, ते जनतेलाच विचारावे लागेल. अखेर संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला, कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला.

मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. विलीनीकरण हवे असणाऱ्यांसाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश राहावा असे म्हणणाऱ्यांसाठी दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते मिळाली, दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. अवघ्या अडीच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी त्याच बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले.

मला हा निकाल सर्वांत बोलका वाटतो. कुळांच्या, बहुजन समाजाच्या आणि शाळांच्या प्रश्नांवर ज्यांचा भाऊसाहेबांवर विश्वास होता, त्यांच्यापैकी अनेकांना विलीनीकरण मात्र नको होते, आणि निवडणुकीच्या एका शिक्क्यात या दोन गोष्टी वेगळ्या सांगण्याची सोय नव्हती. ती सोय थेट मतदानाने करून दिली. विलीनीकरणाला विरोध म्हणजे मराठीला विरोध, असेही समीकरण नव्हते. मडगावहून निघणारे ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिकच विलीनीकरणाविरुद्धच्या प्रचारात आघाडीवर होते.

सावित्रीची_लेक

वरील विवेचन पटले, परंतु थेट मतदानाची दुसरी बाजू मी स्वतः पाहिली आहे. महाराष्ट्रात दारूचे परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान घेता येते. गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांसह मागणी करावी लागते, त्या सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान होते. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. खरी अट याच्या पुढे आहे: झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात.

आमच्या गावात आम्ही घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. पडताळणीच्या दिवशी म्हाताऱ्या बायका शाई लागलेला अंगठा पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून रांगेत उभ्या होत्या. त्यांतल्या काहींनी घरात मार खाऊन सही केली होती, हे मला ठाऊक आहे. मतदान झाले तेव्हा ऊसतोडीचा हंगाम चालू होता आणि अनेक जणी टोळीबरोबर कारखान्यावर गेल्या होत्या. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावे यादीत तशीच होती, वारलेल्या बायकांचीही होती. मतदानाला आलेल्या बायकांनी मोठ्या बहुमताने आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरीही प्रस्ताव पडला, कारण जी आली नाही तिचे नाव आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात गेले. दुकान आजही सुरू आहे.

म्हणून मी विनंती करते की, लोकांना विचारले की न्याय झाला, असे कृपया गृहीत धरू नये. यादी कोणती, दिवस कोणता आणि गैरहजर माणूस कोणत्या बाजूला मोजायचा, हे ठरवणारा माणूस निकालाचा मोठा भाग मतदानाआधीच ठरवून ठेवतो.

आल्प्सवासी

नोकरीनिमित्त काही वर्षे स्वित्झर्लंडमध्ये राहत असल्याने थोडी भर घालतो. येथे एक लाख नागरिकांनी १८ महिन्यांत सह्या केल्या तर राज्यघटनेतील बदलाचा प्रस्ताव थेट मतदानाला जातो, आणि संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या तर त्या कायद्यावरही मतदान घ्यावे लागते. याचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही: कायदा मतदानात पडू नये म्हणून संसद तो करतानाच विरोधकांशी बोलून घेते.

तथापि याच देशात १९५९ मध्ये पुरुष मतदारांनी स्त्रियांचा मताधिकार मोठ्या बहुमताने नाकारला आणि तो १९७१ पर्यंत मिळाला नाही. आपेन्झेल इनररोडन या छोट्या प्रांतात तर मैदानात जमून हात वर करून निर्णय घेणारे पुरुष १९९० पर्यंत नकारच देत राहिले. अखेर त्याच वर्षी संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना तेथील मताधिकार मिळवून दिला. भारतात संविधान सभेने, म्हणजे प्रतिनिधींनी, देशभरातील स्त्रियांना पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनच हा हक्क दिला होता. ज्यांना मत नाही त्यांच्याविषयीचा निर्णय ज्यांना मत आहे त्यांच्यावर सोपवला, तर काय होते, हे यातून दिसते.

निशिगंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटचे वाक्य वाचून मी थबकलो. आमच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बहुतेक बायका आसपासच्या खेड्यांतून येतात आणि त्यांची नावे आमच्या शहराच्या मतदारयादीत नाहीत. थेट मतदान घेतले असते, तरी ज्यांची रोजीरोटी या जागेवर आहे त्यांना कोणीच विचारले नसते. याआधी हा विचार माझ्या मनात आला नव्हता. मग गोव्यात मत कोणाला होते? आणि तिसरा पर्याय का नव्हता?

मांडवीकाठ

मुंबईत आणि अन्यत्र स्थायिक झालेल्या गोवेकरांना मतदान करता आले नाही, आणि त्याबद्दलची नाराजी मी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. तिसऱ्या पर्यायाबद्दल आपण अगदी नेमके विचारले. स्वतंत्र घटकराज्य हवे, असे मानणारे लोक त्या वेळीही होते, पण मतपत्रिकेवर दोनच चिन्हे असल्याने त्यांनाही दोन पानांवरच शिक्का मारावा लागला. घटकराज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला, तो संसदेच्या कायद्याने. त्यासाठी पुन्हा कौल घेतला गेला नाही. आपल्या बाजारतळाच्या बाबतीत मी आधी हेच पाहीन की, ठरावावर हरकती व सूचना मागवल्या आहेत का, आणि शहराबाहेरून येणाऱ्या त्या भाजीवाल्या बायकांची लेखी हरकत नोंदवून घेतली जाते का.